बटाट्याचे निरोगी बेणे : एक ऐतिहासिक टिपण

मराठी शेतकरी ज्वारीचे बी पेरतो. उसाचे, हळदीचे आणि बटाट्याचे मात्र बेणे लावतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. बेणे म्हणजे मातृवनस्पतीचाच एक तुकडा होय. तिचे गुण जसे त्यात उतरतात, तसे तिचे रोगही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात बटाट्याची पाने मुरडू लागली व उत्पन्न घटत चालले. पिढ्यान् पिढ्या कंदांपासूनच लागवड केल्यामुळे जात म्हातारी होते, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि ते दीर्घकाळ टिकले. निरीक्षण खरे होते. कारणमीमांसा तेवढी चुकीची होती. १९१६ मध्ये नेदरलँडमधील क्वान्यर व त्यांचे सहकारी यांनी ही पानमुरड संसर्गजन्य असून ती कंदांतून व कलमांतून पुढे जाते, असे दाखविले. तिचा प्रसार मावा ही कीड करते, हे १९२० मध्ये बोत्येस यांनी सिद्ध केले. ज्याला वार्धक्य म्हटले जात होते, ते वस्तुतः आजारपण होते.

थंड, वाऱ्याच्या डोंगराळ मुलुखात मावा कमी असतो. यास्तव भारतातही बेण्यासाठी सिमल्याकडील डोंगरांवर भिस्त होती. परंतु तेथील पीक शरदात निघे, आणि मैदानातील लागवडीची वेळ आली तरी त्या कंदांची सुप्तावस्था संपलेली नसे. शिवाय एवढ्या मोठ्या मैदानाला पुरेल इतके बेणे डोंगरांनी द्यावे तरी कसे? १९४९ मध्ये पाटण्यास स्थापन झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९५६ मध्ये सिमल्यास गेली. तथापि या प्रश्नाचे उत्तर तिला मैदानातच सापडले. पुष्करनाथ यांच्या नावाशी निगडित असलेल्या 'सीड प्लॉट' पद्धतीचे मर्म पंचांगात आहे. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मावा विरळ असतो. त्या अवधीत निरोगी बेणे लावायचे, रोगट झाडे उपटून टाकायची आणि शंभर संयुक्त पानांवर वीस मावे दिसण्यापूर्वी पाला कापून टाकायचा. पाला गेला की विषाणूची कंदाकडे जाणारी वाट बंद होते. पुढे हे बेणे शीतगृहात उन्हाळा काढते. इतक्या साध्या उपायाला विज्ञान म्हणण्यास कोणी कचरेल. पण ही साधेपणाची किमया माव्याच्या हालचालींच्या चिकाटीच्या नोंदींवाचून साधली नसती.

मूळचे बेणेच दूषित असेल तर मात्र ही पद्धती हतबल ठरते. तेथे मोरेल व मार्तँ या फ्रेंच संशोधकांचे कार्य उपयोगी पडले. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाशी विषाणू बहुधा पोहोचत नाही. ते टोक काचपात्रात वाढवून त्यांनी १९५० नंतरच्या दशकात बटाटा विषाणुमुक्त केला. १९७७ मध्ये वनस्पतिविषाणूंच्या परीक्षेसाठी एलायझा चाचणी आली. अलीकडे मुळे हवेत लोंबती ठेवून त्यांवर पोषक द्रावणाचे तुषार सोडतात व लहान कंद घेतात.

खऱ्या बीपासून लागवड करण्याचेही प्रयत्न झाले. बहुतेक विषाणू बीतून उतरत नाहीत हा त्यात मोठा लाभ. परंतु झाडे एकसारखी निपजत नाहीत आणि बाजाराला तर एकसारखाच बटाटा हवा असतो. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावरचा शेतकरी खरिपासाठी आजही पंजाबातून आलेले बेणेच विकत घेतो.