अण्णांची जावा

आज स्वयंपाकघर सोडून आमच्या पडवीतल्या एका वस्तूविषयी लिहिते. ती म्हणजे अण्णांनी 1968 साली घेतलेली जावा मोटारसायकल.

जावा म्हटलं की बेट आठवतं, पण नावाचा त्याच्याशी संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियात 1929 साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मनीच्या वांडरर कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले. दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून हे नाव झालं. तिकडचे लोक ‘यावा’ म्हणतात, आपण ‘जावा’! पुढे आपल्याकडे आयातीवर बंधनं आली, तेव्हा इराणी मंडळींनी म्हैसूरला कारखाना काढला आणि 1961 पासून गाड्या तिथेच तयार होऊ लागल्या. पुढे त्याच कारखान्याची येझदी आली.

गाडीची एक गंमत सांगते. किकचा दांडा आणि गियरचा दांडा एकच! किक मारून झाली की तोच फिरवून गियरसाठी वापरायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. अण्णा लिटरला 40 मिलिलिटरच्या आसपास घालत. त्यासाठी आईने एक पितळी माप दिलं, ते पुन्हा कधी स्वयंपाकघरात घेतलं नाही.

आई आयुष्यभर मागेच बसली, दोन्ही पाय एका बाजूला, पदर घट्ट धरून. जयसिंगपूरहून कुंभोजच्या बाहुबलीला ती दोघं अशीच जात. मला मात्र 1989 साली सांगलीत नोकरी लागली, तेव्हा अण्णांनी किल्लीच हातात ठेवली. गियरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळे हात लवकर बसला. पंजाबी ड्रेस घालून मी जावा चालवत निघाले की लोक वळून बघत. घरात काही जण नाराज होते. अण्णा एवढंच म्हणाले, “पगार तिचा, रस्ता सरकारचा, गाडी माझी. मग अडचण कुणाची?”

तोवर काळ बदलला होता. 1984 पासून जपानी तंत्राच्या 100 सीसी गाड्या रस्त्यावर आल्या. त्या कमी पेट्रोल पीत आणि त्यांना धूरही कमी. आमच्या गाडीला ते जमणारं नव्हतं. 1996 साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि साधा सुटा भाग मिळवायलाही जुन्या मिस्त्रींच्या ओळखी काढाव्या लागल्या.

अण्णा गेल्यावर भाऊ म्हणाले, “विकून टाकू, हल्ली अशा गाडीला शौकीन चांगला भाव देतात.” त्यांचं चूक नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, टायर, कार्बोरेटर, खर्च आहेच. पण भाव गाडीचा होतो. आईच्या मागच्या सीटवरून मी पुढच्या सीटवर आले, त्याचा भाव कोण करणार? माझा वाटा म्हणून मी गाडीच मागून घेतली.

आता सून शिकते आहे. किक तिला अजून जड जाते, गियर मात्र छान टाकते.