परवाना : वैमानिकाचा आणि विमानाचा

'परवाना' हा शब्द मराठीत फारसीतून आला. सातारच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरांत तो हुकूमपत्र, परवानगीचा कागद या अर्थाने वावरतो. फारसीतच त्याचा दुसरा अर्थ दिव्यावर झेपावणारा पतंग असा आहे आणि उर्दू गझलेने तो अधिक जपला. योगायोग असा की, हिंदुस्थानात नागरी उड्डाणाचा आरंभ ज्या लहानग्या इंग्रजी विमानांवर झाला, त्यांची नावेही 'मॉथ' म्हणजे पतंग अशीच होती : जिप्सी मॉथ, पुस मॉथ. या गमतीवर फार भार टाकण्याचे कारण नाही. दफ्तरातला अर्थ मात्र वैमानिकाच्या परवान्याला नेमका लागू पडतो. माल नेण्याच्या जुन्या परवान्यात कोणी, काय, कोठून कोठवर न्यावे हे महत्त्वाचे असे. वैमानिकाचा परवानाही त्याच जातीचा कागद आहे. 'याला उडता येते' एवढेच तो सांगत नाही. कोणते विमान, कोणासाठी, कोणाला घेऊन, पैसे घेऊन की न घेता, हे सांगतो.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याशी नाते असलेले कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जेट एअरवेजमध्ये ते वैमानिक होते. शंभराहून अधिक प्रवाशांचे जीव त्यांच्या हाती रोज सोपवले जात. याच माणसाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. पण ते उडवण्याची मुभा त्यांना नव्हती. वर्तमानपत्रांनी याला सरकारी दिरंगाईची कथा म्हणून रंगवले, आणि ती तशी होतीही. मात्र तिच्या मुळाशी एक जुना भेद आहे, तो सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश नियमांनी वैमानिकांचे दोन वर्ग पाडले. 'ए' परवाना हौशी माणसाचा, 'बी' परवाना पोटासाठी उडणाऱ्याचा. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालेला परवाना हा हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला. पुढच्याच वर्षी इंग्लंड ते हिंदुस्थान एकट्याने उडण्याची आगाखान स्पर्धा झाली आणि ती अवघ्या सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनियर यांनी जिंकली. या पिढीकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कराचीपासून लंडनपर्यंत एकट्याने जाण्याइतके कौशल्य असलेला तरुणही 'ए' परवान्यावर शेजारच्या गावी भाडे घेऊन एक उतारू नेऊ शकत नसे. दोन परवान्यांमधली रेघ कौशल्यापेक्षा मोबदल्यावर आखलेली होती.

ही रेघ एखाद्या आयुष्यात किती खोल उतरू शकते, हे सरला ठकराल यांच्या चरित्रात दिसते. 1936 साली लाहोरला एकविसाव्या वर्षी, साडी नेसून, जिप्सी मॉथमधून त्यांनी एकटीने उड्डाण केले. घरी चार वर्षांची मुलगी होती. 'ए' परवाना घेऊन त्यांनी हजार तासांची उड्डाणे पुरी केली. पती टपाल-विमानांचे वैमानिक होते. 1939 मध्ये ते अपघातात गेले. तोवर उड्डाण हा छंद होता, आता ती उपजीविका व्हायला हवी होती. म्हणून 'बी' परवान्यासाठी त्या जोधपूरला गेल्या. महायुद्ध सुरू झाले, नागरी प्रशिक्षण थांबले आणि तो परवाना राहून गेला. लाहोरला परतून त्या चित्रकला शिकल्या आणि पुढे वस्त्रे व दागिने यांच्या संकल्पनावर त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला. हजार तासांचा अनुभव असलेल्या विधवेला त्या अनुभवाचा एक रुपयाही कमावता येऊ नये, हे 'ए' आणि 'बी' या दोन अक्षरांमधले अंतर होते. त्यांच्याविषयीच्या गौरवपर लेखनात साडीचा उल्लेख हटकून येतो, 'बी' परवान्याचा क्वचितच. मला ही निवड चुकीची वाटते.

आज अक्षरे बदलली आहेत, शिडीला पायऱ्या अधिक आहेत. भारतात 1937 च्या विमान नियमांनी ती शिडी बांधली. विद्यार्थी-परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. त्यावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उडायचे, उतारू न्यायचा नाही. सतराव्या वर्षी आणि चाळीस तासांनंतर खासगी परवाना. त्यावर मित्राला, आईवडिलांना शेजारी बसवता येते, त्यांच्याकडून पैसे मात्र घेता येत नाहीत. (दहावी उत्तीर्ण असलेल्या कोणालाही तो मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी मात्र बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित असण्याची अट अनेक वर्षे घातली गेली. म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलांनी उडावे, पण हौसेखातर!) अठरा वर्षे आणि दोनशे तास झाले की व्यावसायिक परवाना, आणि येथे गाठ आहे. तो हाती आल्यावर पगार घेता येतो, पण प्रमुख म्हणून 5,700 किलोपर्यंतच्याच विमानात. त्याहून जड विमानात हा माणूस उजव्या आसनावर सहवैमानिक म्हणून बसतो. बोइंग 737-800 चे उड्डाणवेळचे कमाल वजन सुमारे 79,000 किलो असते. डाव्या आसनासाठी वाहतूक वैमानिकाचा परवाना लागतो : एकवीस वर्षे, पंधराशे तास. शिवाय प्रत्येक जातीच्या विमानाची वेगळी नोंद परवान्यावर हवी, आणि वैद्यकीय दाखल्याची मुदत संपली की खिशातला परवाना निरुपयोगी.

परवाना दार उघडतो, आत घेतोच असे नाही. प्रेम माथुर यांना 1947 साली व्यावसायिक परवाना मिळाल्यावरही अनेक कंपन्यांनी नाकारले. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले ते सहवैमानिक म्हणून. डावे आसन मागितल्यावर मिळेना, तेव्हा त्या तेथून बाहेर पडल्या. 1985 मध्ये कोलकाता–सिल्चर मार्गावर इंडियन एअरलाइन्सचे फॉकर फ्रेंडशिप विमान केवळ स्त्रियांच्या चमूने नेले, त्याच्या कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. 'सर्व स्त्रिया' ही बातमी झाली. 5,700 किलोच्या कितीतरी पलीकडचे विमान आणि डाव्या आसनावर एक मराठी बाई, ही माझ्या मते त्याहून मोठी बातमी होती.

आता पाटणकडे परत येऊ. यादवांकडे वैमानिकाचा परवाना होता, आणि पगार घेऊन प्रवासी नेण्याचा होता. पण कायदा माणसाला आणि यंत्राला वेगवेगळे तपासतो. विमानाची नोंदणी हवी, ते उडण्यायोग्य असल्याचा कागद हवा. धावपट्टीसुद्धा या कागदांच्या राज्याबाहेर नाही. नियमित प्रवासी सेवेसाठी तिलाही परवाना लागतो. कराडला कोयना प्रकल्पाच्या काळात धावपट्टी झाली, सांगलीजवळ कवलापूरलाही होती. तरीही या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला तिकीट काढून विमानात बसायचे तर कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागते.

यादवांच्या विमानाची नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये झाली. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यांच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेले. परवानगी प्रायोगिक विमानाची होती. आसने सहा होती; भाडे देणारा उतारू त्यांतल्या एकाही आसनावर बसवता येणार नव्हता.