उच्छ्वासातली संजीवनी

आपण ऑक्सिजन आत घेतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, असे आपण वर्गात शिकवतो. मग एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचा जीव कसा वाचवेल?

बुडालेल्याला तोंडाने हवा द्यावी, असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७४० मध्येच सुचवले होते. पण ऑक्सिजनचा शोध लागल्यावर ‘वापरलेली’ हवा निरुपयोगी मानली जाऊ लागली. पुढे बेशुद्ध माणसाचे हात वर-खाली करणे, पाठ दाबणे अशा पद्धती रूढ झाल्या आणि वर्षानुवर्षे शिकवल्या गेल्या. पण त्यांनी फुप्फुसांत हवा जाते का?

१९५० च्या दशकात अमेरिकेत जेम्स एलम आणि पीटर साफार यांनी हे मोजून पाहिले. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो; उच्छ्वासातही सुमारे १६ टक्के उरतो आणि तो पुरतो. साफार यांनी स्वयंसेवकांना औषधाने निश्चल करून दाखवले, की जुन्या पद्धतींत बहुधा हवा आत जातच नाही. सैल जीभ वाट अडवते. डोके मागे कलवून हनुवटी उचलली की वाट मोकळी होते.

१९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने दोन सहकाऱ्यांसह छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत मांडली. म्हणून आज माणूस प्रतिसाद देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबतात.

पुस्तकात आहे म्हणून नव्हे, मोजून पाहिले म्हणून. विद्यार्थ्यांना आपण हा फरकही शिकवायला हवा.