जी.फास्ट

बहुमजली इमारतींत आधीच टाकलेल्या दूरध्वनीच्या तांब्याच्या तारांवरून थोड्या अंतरापर्यंत अतिवेगवान इंटरनेट पुरवणारे तंत्र (पहा : डीएसएल).

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१४ मध्ये जी.९७०० व जी.९७०१ या मानकांद्वारे ते निश्चित केले. स्वित्झर्लंडमध्ये स्विसकॉम कंपनीने २०१६ मध्ये त्याची व्यापारी सेवा सुरू केली.

प्रकाशतंतू इमारतीच्या तळघरापर्यंत किंवा जवळच्या वितरणपेटीपर्यंत येतो (पहा : प्रकाशतंतू), तेथून प्रत्येक घरापर्यंतचा टप्पा जुन्या तारजोडीवरून पार होतो. व्हीडीएसएल२ या आधीच्या डीएसएल तंत्राची कंप्रतामर्यादा सुमारे ३५ मेगाहर्ट्झपर्यंत आहे, तर जी.फास्ट १०६ आणि पुढील आवृत्तीत २१२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. पाठवणे व घेणे एकाच पट्ट्यात आळीपाळीने होत असल्याने दोन्ही दिशांतील वेगाची वाटणी गरजेनुसार बदलता येते. सुमारे १०० मीटरपेक्षा कमी अंतरावर दोन्ही दिशांचा एकत्रित वेग सेकंदाला १ गिगाबिटच्या आसपास पोहोचतो. अंतर वाढताच तो झपाट्याने घटतो. खरी अडचण शेजारच्या जोड्यांतून झिरपणाऱ्या संदेशांची असते, कारण इमारतीतील अनेक जोड्या एकाच केबलमधून जातात आणि उच्च कंप्रतेवर हा व्यत्यय तीव्र होतो. व्हेक्टरिंग पद्धतीत सर्व जोड्यांवरील संदेशांचे एकत्र गणित करून तो आधीच वजा केला जातो. म्हणून सर्व जोड्या एकाच यंत्रणेच्या ताब्यात असणे आवश्यक ठरते. वितरणपेटीला ग्राहकाच्या घरातूनही वीज देता येते.

घराघरांत नवी केबल न ओढता वेग वाढवता येणे, हे या तंत्राचे मुख्य महत्त्व. भिंती फोडण्यास मनाई असलेल्या जुन्या वास्तूंत ते विशेष उपयुक्त आहे. २०२१ मधील जी.९७११ मानकाने कंप्रतामर्यादा ४२४ मेगाहर्ट्झपर्यंत नेली.