व्हीएचएस कॅसेटचे संगणकावर जतन

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर असंख्य घरांतील लग्नसोहळे टिपले गेले. २०१६ मध्ये फुनाई या जपानी कंपनीनेही उत्पादन थांबविल्याने चालू स्थितीतील व्हीसीआर दुर्मीळ झाला आहे. फीतही चिरंजीव नाही. उष्णतेने ती आक्रसते, दमटपणाने तिला बुरशी लागते. दोंडाईचा परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो; तेथे पत्र्याखालच्या माळ्यावरील कॅसेटी प्रथम हाती घ्याव्यात.

कृती : बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घालू नये, हेड खराब होऊन बुरशी इतर कॅसेटींत पसरते. चांगली कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवावी. व्हीसीआरची चित्राची पिवळी व आवाजाची पांढरी-लाल वायर यूएसबी कॅप्चर उपकरणास जोडावी. भारतीय कॅसेटसाठी 'पाल' प्रणाली, ७२० बाय ५७६ आकार व सेकंदाला २५ चौकटी निवडाव्यात. अमेरिकेत चित्रित झालेली कॅसेट 'एनटीएससी' असते.

वेळ : तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात.

दक्षता : तयार फाइल दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवावी. प्रत आरंभापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मूळ कॅसेट टाकून देऊ नये.