एका निकालाचा इतिहास



न्यायालयाचा निकाल अंतिम असतो, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु इतिहास पाहिला म्हणजे दिसते की, निकालाने खटला संपतो. प्रश्न संपतोच असे नाही.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे त्या राष्ट्राने १७७६ च्या जाहीरनाम्यात जगाला सांगितले. तरीही १८५७ साली, ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाने स्वातंत्र्यासाठी केलेल्या दाव्यात, आफ्रिकी वंशाचा मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे यादवी युद्ध झाले. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८६८ च्या दुरुस्तीने त्या देशात जन्मलेला मनुष्य नागरिक ठरला. न्यायालयाची चूक राष्ट्राने मूळ कायद्यातच सुधारून घेतली.

असाच एक निकाल आपल्या गावाशी जोडलेला आहे. तो सांगताना संकोच वाटतो. पण सांगितलाच पाहिजे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. एका घरगुती तक्रारीच्या चौकशीसाठी येथील पोलीस ठाण्यात आलेल्या आदिवासी मजूर मुलीवर ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. तिचे नाव मी घेणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निर्णय फिरवून एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी सांगितली. भीतीपोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निर्णयाचे मर्म होते. परंतु ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपिलात सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांचीही निर्दोष सुटका केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून तिचा विरोध नव्हता, असा तो युक्तिवाद होता. रात्रीची वेळ, बंद दार आणि समोर गणवेशातील सत्ता, यांपुढे एका निराधार पोरीने किती ओरडावे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

वर्षभराने, १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत अंतर आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. १९८० साली मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतून स्त्रियांचे मोर्चे निघाले. निकाल काही बदलला नाही. पण १९८३ साली संसदेने कायदा बदलला. कोठडीत अत्याचार झाल्याचा आरोप असेल, शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने ते प्रथमतः खरे धरावे, असे ठरले. अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. पीडितेचे नाव छापणे वा प्रसिद्ध करणे हाही गुन्हा ठरला. म्हणून मी तिचे नाव टाळले. पुढे २०१३ साली, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही कायद्यात लिहिले गेले. २०२४ साली जुन्या कायद्यांच्या जागी नवे आले, तरी ही तत्त्वे कायम राहिली.

ड्रेड स्कॉटप्रमाणेच त्या मुलीच्याही पदरात न्यायालयाने काही टाकले नाही. जे मिळाले ते तिच्यामागून येणाऱ्यांना.

आता शेवटची एक गोष्ट. या निकालाविरुद्ध देशभर आवाज उठला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पहिला आवाज कोठला? त्या रात्री याच गावातील माणसे ठाण्यापुढे जमली होती. जमाव संतापला होता. त्याला शांत करून मगच हवालदाराने मुलीची फिर्याद लिहून घेतली, अशी नोंद खटल्यात आहे. ती माणसे वकील नव्हती, पंडित नव्हती. ती आपापल्या घरी निजून राहिली असती, तर ती फिर्याद लिहिली गेली असती काय, आणि पुढचे पत्र, मोर्चे, कायदा यांना आधार तरी कशाचा राहिला असता? देसाईगंजचे नाव कायद्याच्या ग्रंथांत ज्या घटनेने गेले, ती आपल्याला खाली मान घालायला लावते. पण त्या रात्री ठाण्यापुढे उभे राहिलेल्यांची आठवण ठेवली, तर ती मान पुन्हा वर करता येईल.