मातेच्या रक्तातून गर्भाचा डीएनए

गर्भवतीच्या रक्तद्रवात वारेतून आलेला गर्भाचा डीएनए मुक्तपणे वाहत असतो, हे डेनिस लो व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. दहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्तद्रवातील मुक्त डीएनएमध्ये त्याचा वाटा साधारण १० टक्के असतो; उरलेला मातेचा.

प्रयोगशाळेत रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात दोनदा फिरवून पेशी दूर करतात. रक्तद्रवातील प्रथिने विकराने तोडल्यावर डीएनए सिलिकाच्या पडद्यावर किंवा चुंबकीय कणांवर चिकटतो. तो धुऊन थोड्या द्रावणात उतरवून घेतात. माता व गर्भ यांचा डीएनए एकत्रच मिळतो. गर्भातील दोषाचा अंदाज पुढील विश्लेषणातून बांधतात.

जुन्नर, आंबेगावहून नमुना पुण्यास धाडायचा, तर वेळ महत्त्वाचा. साध्या ईडीटीए नळीतील रक्तातून सुमारे सहा तासांत रक्तद्रव वेगळा करावा लागतो. अन्यथा मातेच्या पांढऱ्या पेशी फुटून गर्भाचा वाटा घटतो. पेशी टिकवणाऱ्या विशेष नळीत रक्त काही दिवस राहते.

चाचणीतून डाउन सिंड्रोमची शक्यता कळते. खात्रीसाठी गर्भजल तपासणी लागते. 'वाय' गुणसूत्रामुळे लिंगही कळते. परंतु ते सांगणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंग चाचणीविरोधी कायदा केला, तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ च होत्या.